बाल्कनीतली तिसरी बाटली

व्सेवोलोदची पावडर दलदलीचं चहासारखं तपकिरी पाणी एका रात्रीत नितळ करते, ही बातमी गावभर पसरवायचं काम व्सेवोलोदनेच केलं होतं. आज गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षा रिम्मा इल्यिनिचना चहाला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली, की पाणीखात्याचं साहेबपद त्याचं.

त्याची बायको फाइना नाताळआधीचा उपवास धरून होती. दूध नाही, मांस नाही आणि खोटं नाही. पण पद तिलाही हवं होतं. साहेबाच्या घराला गरम न्हाणीघर होतं.

पावडर घातलेल्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या व्सेवोलोद रात्री बर्फाळ थंडीत बाल्कनीत ठेवी. तिथेच त्याच्यासाठी गोठवलेल्या पेल्मेनींची, म्हणजे मांस भरलेल्या छोट्या मोदकांची, पिशवी असे. तुलनेसाठी पावडर न घातलेली तिसरी बाटली स्वयंपाकघरात. काल मशरूमच्या पिरोगी, म्हणजे करंज्या, लाटायला जागा हवी, म्हणून फाइनाने ती पेल्मेनीशेजारी नेऊन ठेवली. सकाळी तिचा दगड झालेला. उबेला आणली, वितळली, तर वर काचेसारखं पाणी आणि तळाशी तपकिरी कोंडा.

"व्सेवोलोद, हिच्यात तर काहीच घातलं नव्हतं रे."

"तू पाहिलंच नाहीस असं समज."

"पाहिलं ना पण."

"मग गप्प राहा. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"कुणी विचारलं नाही तर गप्पच राहीन," ती हळूच म्हणाली. कुणी विचारू नये म्हणून मनोमन प्रार्थनाही केली.

प्रार्थना ऐकली गेली नाही. चहाला आलेल्या रिम्माबाईंनी टेबलावर व्सेवोलोदने रांगेत मांडलेल्या तिन्ही नितळ बाटल्या पाहून तिलाच विचारलं, "फाइना सेर्गेयेव्हना, तिन्हींत पावडर आहे?"

"तिसरीत नाही. ती रात्रभर बाल्कनीत पेल्मेनीशेजारी होती."

व्सेवोलोदने घसा खाकरला. "प्रभाव! पावडरीचा प्रभाव शेजारच्या बाटलीवरही पडतो!"

"असं?" रिम्माबाईंनी चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली. "लिंबूसत्त्व. माझी आई याने किटली घासायची. आंबट घातलं की मातीतून आलेला तपकिरी अंश खाली बसतो, गोठलं तरी बसतो. आपली दलदल दर हिवाळ्यात हेच करते. तुम्ही फक्त तिच्यावर आपलं नाव चिकटवलंत, व्सेवोलोद कपितोनोविच."

"म्हणजे पद...?"

"बाल्कनीला देऊ. तिनं निदान काम तरी केलंय. आणि त्या पेल्मेनी उकळा, त्यांच्यावरही प्रभाव पडलाच असेल!"

रिम्माबाई पोटभर जेवल्या. व्सेवोलोद फाइनाकडे पाहत राहिला.

फाइनाने आपल्या ताटात पिरोगी घेतली. उपवासात आणखी एक गोष्ट सोडायची: गरम न्हाणीघर. तिने छातीवर क्रूस रेखला आणि खाऊ लागली.