काटा आणि झुलती खुर्ची

मित्रांनो, तळहातावर मावणारा मी एक जुना आवाजमापक आहे. पोटात बॅटरी, काचेआड काटा, डोक्यावर छोटा माईक. आवाज किती मोठा आहे एवढंच मी सांगतो. तो कोणाला आवडतो, ते मला कळत नाही.

कारखान्यातून मी थेट समुद्रापलीकडच्या बारांकिया शहरात, विल्फ्रिदोच्या हाती आलो. त्याचा पिको होता, म्हणजे रंगवलेल्या, माणसाहून उंच स्पीकरांची भिंत. दर शनिवारी गल्लीत नाच. खिडक्या थरथरल्या की लोक माझा काटा बघायला गर्दी करत. काय माझा तोरा होता! पुढे पिको विकला गेला आणि मी मोडक्या पंख्याबरोबर खणात पडलो. कोणी बॅटरीसुद्धा काढली नाही. ती पाझरली, मला गंज चढला. फार वाईट वाटलं.

म्हातारपणी विल्फ्रिदोने बायकोसाठी, एदिल्मासाठी, घरातच सिनेमाची खोली केली. तिचे तीस वर्षांचे शनिवार एकटीचे गेले होते. आता दोघांनी मिळून सिनेमे बघायचे होते. त्याने मला घासूनपुसून, नवी बॅटरी घालून सोफ्यावर ठेवलं, एकेका स्पीकरमधून चाचणीची खरखर सोडली आणि प्रत्येक वेळी काटा पंचाहत्तर डेसिबलवर आणला. जाड, घुमणारा आवाज काढणाऱ्या सबवूफरचाही.

तरी एदिल्मा सिनेमा अर्धा टाकून उठे.

"बोलतात काय ते कळतच नाही. नुसती धडधड!"

"काटा बघ की! पंचाहत्तर!"

"मग काट्यालाच दाखव सिनेमा, म्हाताऱ्या. मी चालले बहिणीकडे."

ती पिशवी आणायला आत गेली. विल्फ्रिदोने तणतणत पुन्हा खरखर लावली आणि घाम पुसायला मला जवळच्या खुर्चीवर टेकवलं. ती एदिल्माची झुलती खुर्ची होती, वाऱ्यासाठी दाराशी, कोपऱ्यात ओढलेली. सबवूफरची पाळी आली आणि कोपऱ्यात साचलेल्या धडधडीने माझा काटा टोकाला जाऊन आपटला.

विल्फ्रिदो बघतच राहिला. मग हळूच त्या खुर्चीत बसला.

"ही बसते इथे," तो पुटपुटला, "आणि मी गाढव मोजतोय तिथे."

मला तिथेच धरून त्याने सबवूफरचा आवाज उतरवला, बोलण्याच्या स्पीकरचा थोडा चढवला.

"एदिल्मा, पाच मिनिटं बस. नाही पटलं तर मीच सोडतो तुला बहिणीकडे."

ती पिशवी मांडीवर घेऊनच बसली. पडद्यावर एक मुलगी कोणाला तरी कुजबुजत होकार देत होती.

"अगं नको जाऊ त्याच्याबरोबर, पोरी!" एदिल्मा ओरडली. पिशवी खाली पडली, तिला पत्ता नव्हता. विल्फ्रिदो पडद्याकडे बघतच नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारख्याला खणात ठेवताना बॅटरी तेवढी काढत जा. आणि मोजायला बसण्याआधी, ज्याच्यासाठी आवाज लावलात तो कुठे बसतो, ते एकदा बघा.