डोक्यावरचे दोन ठिपके

मी ‘यो’ बोलतोय, रशियन वर्णमालेतला सातवा. शेजारचा ‘ये’ आणि मी हुबेहूब. फक्त माझ्या डोक्यावर दोन ठिपके. ते द्यायला पेन उचलावं लागतं, म्हणून आळशी लोक मला सरळ ‘ये’ करून टाकतात.

जन्म मात्र माझा थोरामोठ्यांत. अडीचशे वर्षांपूर्वी पीटर्सबर्गच्या विद्वानांनी ठरवलं, एका आवाजाला दोन अक्षरं कशाला? बारसं झालं, कौतुक झालं, आणि लोक मला विसरले.

माझ्यापायी वोलोग्दाकडच्या एका म्हातारीचं घर जायची वेळ आली होती. तिचं नाव फ्योक्ला. नवरा पावेल वारला. लाकडी घर त्याच्या नावावर. लग्नाच्या दाखल्यात मी होतो, तिकडे ओळखपत्र म्हणून चालणाऱ्या पासपोर्टात कुणीतरी मला खाऊन ‘ये’ लिहिलेला; फ्योक्लाची झाली फेक्ला.

कचेरीतली बाई म्हणाली, “पावेलची बायको फ्योक्ला. तुम्ही फेक्ला. तुमचा काय संबंध?”

“मग चोपन्न वर्षं त्याचे मोजे कुणी धुतले?”

“ते मला माहीत नाही. त्या फ्योक्लाला घेऊन या.”

“सापडू तर दे! आधी तिच्या झिंज्या उपटते.”

प्रकरण कोर्टात गेलं. साक्षीदार हवा होता, आणि जुनं माणूस गावात एकच उरलेलं: शेजारीण कापितोलिना. एकीच्या बकरीने दुसरीचा कोबी खाल्ला, त्यावरून दोघींची वीस वर्षं बोलचाल बंद. शिव्या तेवढ्या चालू. फ्योक्ला घरच्या मशरूमच्या लोणच्याची बरणी घेऊन तिच्या दारात गेली. कापितोलिनाने बरणी घेतली आणि दार लावलं.

तरी तारखेला ती हजर.

“ही फ्योक्लाच कशावरून?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“वीस वर्षं याच नावाने हिला कुंपणावरून शिव्या घालतेय, बाईसाहेब. त्या काय भलत्याच बाईला गेल्या?”

न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. घर फ्योक्लाला मिळालं.

निकालाचा कागद हातात आला. फ्योक्लाने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला. तिसऱ्या ओळीत ठिपके नव्हते.

“पुन्हा छाप, बाळा,” ती कारकुनाला म्हणाली.

“अगं, शेवटची बस जाईल!” कापितोलिना ओरडली.

“जाऊ दे. चालत जाऊ.”

अकरा किलोमीटर! दोघी वाटभर भांडत गेल्या, पण गेल्या बरोबर.

आजही मला लोक गाळतात. माझी हरकत नाही, मी अक्षर आहे, मला कुठे घर लागतं? पण कुणाचं नाव लिहाल तेव्हा तेवढं पेन उचला, बाबांनो. त्या ठिपक्यांखाली माणूस राहत असतं.