अळणी नैवेद्य

माझ्या नवऱ्याचं नाव हरेश्वर. सहा वर्षं ते नाव मी तोंडातून काढलं नाही, कारण बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. श्रावणात पंचांसमोर काडीमोड झाली आणि लालबागेत भावाच्या खोलीत आल्या दिवशी मी ते मोठ्यानं घेऊन पाहिलं. काही झालं नाही. आभाळ जागेवरच होतं.

हरेश्वर कधी मारायचा नाही, याचं सासरच्या सगळ्या काळाचौकीला भारी कौतुक. तो फक्त परवानगी द्यायचा. विहिरीवर जायची, वेणी माळायची, हसायची. गौरीच्या सणात तर कहर! शेजारणी फुगड्या घालायच्या आणि मी दाराआडून ऐकायचे. नैवेद्याचं कालवण आधी वाटीतून त्याच्यापुढे न्यायचं. त्यानं चाखून मान हलवली की मगच गौरीपुढे. देवीला उष्टं, पण बोलणार कोण? तिसऱ्या दिवशी गौर बोळवताना मी ढसाढसा रडायचे. बायका म्हणायच्या, केवढी भक्ती! कसली भक्ती? मला तिचा हेवा वाटायचा. ती निदान त्या घरातून बाहेर तरी पडत होती.

काडीमोड झाली त्या वर्षी गाठीच्या तापाला, प्लेगला भिऊन कोकणात पळालेली माणसं परतली होती, दादाची चाळ पुन्हा भरली होती. शांतीवहिनीनं गौरीच्या नैवेद्याचं चिंबोऱ्यांचं, खेकड्यांचं कालवण माझ्यावर सोपवलं. गणपतीला मांसमच्छी चालत नाही म्हणून त्याच्यापुढे पडदा ओढला, गौरीपुढे पान मांडलं. आणि मी काय करावं? वाटीत कालवण घेतलं आणि गॅलरीत बसलेल्या लहूदादापुढे धरलं.

"दादा, बरां झालां काय बघ."

दादा उडालाच. "खुळावलंस काय गो तुळसा? गौरीच्या आदी माका?"

तेव्हा कुठे मी काय करतेय ते माझं मला कळलं. माणूस सुटला होता, सवय मात्र माझ्याबरोबर माहेरी आली होती. कुणी न चाखता वाढायचं? आणि चुकलं तर?

वहिनीनं वाटी काढून घेतली. "वाढ तू. गौर तुझी, हात तुझो."

मी वाढलं. मग आम्ही जेवायला बसलो. पहिला घास घेऊन दादानं वहिनीकडे पाहिलं. मी चाखलं तर कालवणात मिठाचा कणही नव्हता. आता ताट भिरकावलं जाणार, आता सण संपला, असंच मला वाटलं.

वहिनीनं मिठाची बरणी मधोमध आणून ठेवली. "घाला नि जेवा. गौर काय उठान गेली नाय."

इतकंच. आधी दादाला हसू फुटलं, मग मला. ठसका लागेपर्यंत हसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी वहिनीबरोबर फुगडी घातली. पदर सुटला, चक्कर आली, पुन्हा घातली. कुणाला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर गौर बोळवताना बायका डोळे पुसत होत्या. मला रडूच येईना. वहिनीनं कोपरानं ढोसलं. "गौर सासराक चालली नि तू हसतंस?"

"यंदा तीच चालली गो वहिनी," मी म्हटलं. "मी नाय."

आणि गौरीचं रिकामं सूप काखोटीला मारून मी घरी आले.