शिदोबाचा क्रमांक

दिवसभर बांधकामाचे नकाशे काढून पोट भरणारा सांगलीचा अनीश संध्याकाळी फुकटात जगाचा नकाशा नीट करायला बसायचा. आता याला हौस म्हणा नाहीतर खाज. इंटरनेटवरचा हा नकाशा खुला, कुणीही त्यात भर घालावी. त्यातल्या देवळाला, तळ्याला, किल्ल्याला ज्ञानकोशातल्या त्याच्या नोंदीचा क्रमांक जोडायचा, म्हणजे नोंद वाचणाऱ्यानं बोट दाबलं की फोन त्याला थेट त्या जागी नेतो. अनीशचा नियम एकच: एक नोंद, एक जागा. एका म्यानात दोन तलवारी त्याला खपत नसत.

फाल्गुनात आटपाडीकडच्या एका वाडीतला शिदोबा त्याच्या तावडीत सापडला. क्रमांक एक आणि देवळं दोन. एक वाडीत, एक वर डोंगरावर. नोंदीतला ठिपका वाडीवर होता, नावही जुळत होतं. अनीशनं डोंगरावरचा क्रमांक पुसला, खालच्या देवळाचा ठेवला आणि चहा टाकायला उठला. नोंद पुरती वाचली असती तर तिसऱ्याच ओळीत डोंगर भेटला असता. पण उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर एवढं कोण वाचतंय?

वाडीतल्या धनगरांचा हा देव अकरा महिने खाली असतो. चैत्रात त्याचा मुखवटा डोंगरावर जातो आणि खालच्या देवळाला कुलूप लागतं. वरची महिनाभराची पूजा सात घरांत पाळीनं फिरते, दर साली एक घर. ज्या घरची पाळी, तिथल्या थोरल्या बाईनं बाहेरगावाहून येईल त्या पाहुण्याला आपल्या हातानं आंबील पाजायची. यंदाची पाळी दगडाबाईची होती. वय चौऱ्याहत्तर. सात वर्षं ती या एका महिन्याकडं डोळे लावून बसली होती.

वाडीची माणसं सकाळ-संध्याकाळ वर येत होती. पण पुण्या-मुंबईला गेलेल्या भाऊबंदांची पोरं आली ती फोनच्या भरवशावर. भर दुपारी वाडी मेंढरांमागं गेलेली, सांगायला चिटपाखरू नाही. पोरांनी कुलपापुढं नारळ फोडले, फोटो काढले आणि गाड्या वळवल्या. दगडाबाईला वरून नुसता धुरळा दिसायचा. ती रोज घागरभर आंबील करायची आणि तिन्हीसांजेला कुत्र्यांपुढं ओतायची. तिला लय वाईट वाटत होतं, पण देवापुढं कुरकुर कशी करायची?

महिना सरत आला तेव्हा तिचा मुलगा तानाजी यानं खाली एका गाडीवाल्याला गाठलं आणि त्याचा फोन बघितला. डोंगरावरचा क्रमांक दोन वर्षांमागं तानाजीनंच लावला होता. त्यानं अनीशच्या बदलाखाली एक ओळ लिहिली: देव वर हाय, माणसं खालनंच माघारी जात्यात.

अनीशनं नोंद आता शेवटपर्यंत वाचली. क्रमांक घरबसल्या बदलता आला असता. पण पुन्हा न बघता हात लावायची त्याला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघून तो डोंगर चढला. तो महिन्याचा शेवटचा दिवस होता.

देवळाच्या पायरीवर बसून त्यानं क्रमांक परत डोंगराला लावला, खालच्या देवळाची वेगळी नोंद केली आणि दोन्ही एकाच देवाची ठाणी आहेत असं नातं जोडलं. मग दगडाबाईला सगळं सांगितलं. चूक माझीच, हेही सांगितलं. मान वर करवत नव्हती.

तिनं त्याच्या हातात आंबिलीचा पेला दिला. त्यानं तो रिकामा केला.

"ह्ये नीट कराय किती येळ लागला रं?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटं, आजी."

"व्हय? माजी पाळी पुना याला सात वर्सं लागत्यात."

एवढंच बोलून तिनं त्याचा पेला पुन्हा भरला. बाहेरगावाहून वर आलेला तोच तिचा पहिला पाहुणा होता, आणि उद्या देव खाली जाणार होता.