अप्पांचं माप

मोजायच्या टेपची पट्टी खटकन् डबीत परत शिरली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. जेवताना बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम नव्हता. बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नव्हते, एवढंच. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. मीठ हवं असलं तरी दोघं ते माझ्याकडे मागायचे, मीठ दुसऱ्याच्या हाताशी असलं तरी.

"अप्पा, ताठ बसा," माझा नवरा म्हणाला.

माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

"मी ताठच असतो," सासरे म्हणाले. खरं होतं ते. मणक्यात सळ्या घातल्यापासून त्यांना वाकता येत नाही, मानही फिरत नाही. कुणी हाक मारली तर अख्खे वळतात, कपाट सरकवल्यासारखे.

नवऱ्याने पुन्हा पट्टी ओढली, खुर्चीच्या बैठकीपासून त्यांच्या टाळूपर्यंत धरली आणि आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला. "गाडीसाठी," एवढंच बोलून तो मागच्या शेडकडे निघून गेला.

गाडी अप्पांची. दोन दारांची, गोल पाठीची कूपे. त्यांनी घेतली तेव्हाही जुनीच होती. जुन्या गाड्यांच्या अंगात आजचं इंजिन, आजचे ब्रेक बसवून त्या रस्त्यावर पळवायच्या, हा माझ्या नवऱ्याचा धंदा. जगाच्या गाड्या केल्या, पण बापाच्या गाडीवरची ताडपत्री त्याने कधी उचलली नव्हती. यंदा उचलली. अप्पांनी माझ्यामार्फत निरोप दिला होता, "त्याला म्हणावं, एकदा बसायचंय मला तिच्यात. मग मरायला मोकळा."

त्या मापानंतर अप्पांची कळी जी खुलली! "सूनबाई, शिंप्यासारखं माप घेतलंन हो माझं. माझ्या बेताची सीट करतोय."

"मग काय तर," मी म्हणायची. त्यांच्या पायांत मोजे चढवायची, मग खारूच्या. खारू म्हणजे आमची लेक. दाण्यासाठी आजोबांच्या खिशात हात घालते म्हणून हे नाव. सकाळी दोघांचे पाय ओळीने माझ्या मांडीवर येतात. कुणाचे जास्त गार, ते मला डोळे मिटून सांगता येतं.

एका दुपारी शेडमध्ये चहा घेऊन गेले तर गाडीचं छत खाली जमिनीवर पडलेलं.

"घाबरू नका वहिनी, टोपी काढलीय नुसती," नवऱ्याचा मित्र म्हणाला. पत्र्याचं सगळं काम तोच करतो. "खांब कापून परत बसवायची, जरा डोळ्यांवर ओढून. गाडी कशी, डाफरल्यासारखी दिसली पाहिजे. मी म्हटलं चार बोटं कापू, शोभेल. पण आमचे शेठ सारखे तळहात बघतात आणि म्हणतात, अजून काप."

नवरा तळहातावरचा पुसट झालेला आकडा पेनाने पुन्हा गिरवत होता. मला बरंच वाटलं. म्हटलं, माप धरून कापतोय, बापाच्या उंचीची काळजी करतोय.

गाडी अंगणात आली त्या दिवशी अप्पा पहाटेच अंघोळ करून बसले होते. इस्त्रीचा सदरा, भांग मी पाडून दिलेला. इंजिन सुरू झालं तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. खारू कानांवर हात ठेवून खिदळत होती. नवऱ्याने दार उघडून धरलं. "या अप्पा."

त्यांनी आधी बूड टेकवलं, मी पाय आत घेतले, आणि त्यांचं कपाळ छताच्या कडेवर आपटलं. पुन्हा जरा मागे सरकून पाहिलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा मी कडेवर माझी बोटं ठेवली, ती पत्रा आणि कपाळ यांच्यात चेंगरली.

"सीट खाली घे ना रे," मी म्हटलं.

"वेल्ड केलीय."

पत्रेवाल्याने फडकं उचललं आणि पुसलेलंच बॉनेट पुन्हा पुसायला लागला.

"अरे, माप घेतलं होतंस ना तू?" अप्पांनी विचारलं. कपाळावर लाल वळ उठला होता.

"घेतलं होतं की. बरोबर उतरलंय."

वेल्डिंगचा जोड नीट बसला की तो जसा बघतो, तसा बघत होता.

"मग मी कुठे बसू?"

तो गाडीच्या मागे गेला. कडी फिरवली. डिकीचं झाकण मागे उलटलं आणि आतून एक उघडी सीट वर आली. लाल चामड्याची, बारीक शिलाईची. गाडीतलं सगळ्यात सुंदर काम. "इथे छतच नाही. डोकं लागायचा प्रश्नच मिटला."

अप्पा माझ्या आधाराने उठले, अख्खे मागे वळले. "तिथे तू बसायचास," ते हळूच म्हणाले.

"बसायचो ना."

मला माहीत होतं. खारू झाली तेव्हा, तिला मांडीवर घेऊन, त्याने एकदाच सांगितलं होतं. पुढच्या सीटवर अप्पांच्या विक्रीच्या कापडाच्या बॅगा असायच्या, त्या मळू नयेत म्हणून पोराला मागे. थंडीतही. रडला तर झाकण वरून लावून.

"आज नको जाऊ या," मी म्हटलं. "अप्पा, घरात चला."

अप्पा त्या लाल सीटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उचला मला." नवऱ्याने आणि पत्रेवाल्याने त्यांना उभंच्या उभं वर चढवलं. मी माझा मफलर त्यांच्या गळ्याला गुंडाळला, दोन वेढे.

"मी बसते त्यांच्यापाशी."

"एकाचीच जागा आहे. तू पुढे ये."

पुढे असले तर निदान हळू घे म्हणता येईल, म्हणून खारूला घेऊन पुढे बसले. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठा रस्ता लागला आणि त्याने पाय दाबला.

"हळू रे. सळ्या आहेत त्यांच्या पाठीत." काटा चढतच गेला. "अरे, तुझा बाप आहे तो!"

"माहितीय मला कोण आहे तो."

खारू माझ्या मांडीवर गुडघे टेकून मागच्या चिंचोळ्या काचेतून बघत होती. "आजोबांचा मफलर उडाला! आई, आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येतंय." मग जरा वेळाने, "आजोबा काच वाजवतायत."

ऐकू येत होतं. बोटाच्या पेराने वाजवलेलं, मधे थांबून थांबून.

माझ्या नवऱ्याने हात लांब करून एसीची जाळी खारूवरून बाजूला वळवली. "गार लागतंय का गं माझ्या सोन्याला?" इतक्या मायेने म्हणाला.

तिने नाही म्हणून मान हलवली. काचेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली,

"आई, बाबांना ऐकू येत नाही का गं?"