आठवी वायर

घंटा पुन्हा वाजली तेव्हा चिमीने कीबोर्ड असा ढकलला की कप कलंडता कलंडता वाचला. ती उठून शेजारच्या खोलीच्या दारात गेली.

"अण्णा, आता काय?"

"पंखा जरा कमी कर," वडील पुटपुटले.

सकाळपासूनची ही अकरावी खेप. आधी चष्मा, मग उशी, मग नुसतंच ‘किती वाजले?’ पक्षाघातानंतर अण्णांचा डावा हात आणि पाय रुसून बसले होते, आवाज खोल गेला होता. सुरुवातीला ती दर पंधरा मिनिटांनी जाऊन ‘काही हवंय का?’ विचारायची. त्यात ना तिचं काम व्हायचं, ना त्यांची झोप.

मग तिने आपल्या कामातली युक्ती घरी लावली. इस्पितळातल्या यंत्रांसाठी ती सॉफ्टवेअर लिहायची. तिथे प्रोसेसर प्रत्येक यंत्राची विचारपूस करत हिंडत नाही. ज्याला गरज असेल ते यंत्र हाक मारतं, तो हातातल्या कामाला खूण करून ठेवतो, हाक ऐकतो आणि पुन्हा खुणेपाशी येतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. तिच्या टेबलावरच्या चाचणीच्या बोर्डाला यंत्रांच्या सात वायरी होत्या. आठवी तिने अण्णांच्या पलंगापर्यंत नेली आणि टोकाला बटण बसवलं; ते दाबलं की तिच्या टेबलावर घंटा वाजायची. युक्ती झकास होती. फक्त प्रोसेसरला वैताग येत नाही, चिमीला यायचा.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "सलाइनच्या पंपाचे आकडे मध्येच बंद पडतात, ते सापडलं का? चारला हवंय."

"बघतेय."

"सकाळपासून बघताच आहात."

फोन ठेवते तोच घंटा. अण्णांना पंखा आता वाढवून हवा होता. परत आल्यावर तिने एक ओळ लिहून आठव्या वायरीची हाक बंद केली. फक्त दहा मिनिटं, असं तिने स्वतःला बजावलं. घर शांत झालं, आणि तिला फार बरं वाटलं.

चूक सापडली तेव्हा साडेतीन वाजले होते. दुसऱ्या यंत्राचं ऐकून होईपर्यंत पंपाची हाक थोपवणारी ओळ कुणीतरी लिहिली होती आणि ती हाक पुन्हा मोकळी करायची राहून गेली होती.

"कोण हा दिवटा," ती करवादली. मग तिला आपली ओळ आठवली.

तिने ती पुसली. त्याच क्षणी घंटा वाजली, एकदाच. थोपवलेली हाक प्रोसेसर विसरत नाही. कुणीतरी बोलावलं होतं एवढं तो लक्षात ठेवतो, किती वेळा ते नाही.

अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. पायजमा भिजला होता. चादरीचं ओलं टोक उजव्या हाताने ओढत होते, पण ते त्यांच्याच खाली अडकलं होतं.

"आत्ता नाही दाबलं मी," ते म्हणाले. "मघाशी दाबलं होतं."

"किती वेळा, अण्णा?"

"तू कामात होतीस ना."

तिने त्यांचे कपडे बदलले, चादर बदलली. "चुकलं माझं," म्हणताना तिला रडू आलं. "असू दे गं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. बटण तिने पुन्हा त्यांच्या उजव्या मुठीत दिलं.

संध्याकाळभर घंटा वाजली नाही. चिमी दर पंधरा मिनिटांनी दारात जाऊन विचारत होती, "काही हवंय का?"

"काही नको. तू तुझं काम कर."

शेवटी ती आत गेली. बटण त्यांनी रुसलेल्या डाव्या हाताशी ठेवलं होतं.