नत्थूजी डिझेलवर आले

स्टार्टरचा खटका ओढताच कर्रर्र असा आवाज झाला आणि सदर भागातल्या टॅक्सी स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर वळून पाहू लागले.

"काहून गा नत्थूजी, चालू गाडीले पुन्हा चालू करून राह्यला?" चंपतराव ओरडला. "सकाळीच भांग चढली का?"

"खटका अडकून राह्यला," असं म्हणत नत्थूजींनी घाईने ॲम्बेसेडर बाहेर काढली.

इंजिन चालू असताना स्टार्टर ओढला की दात्यांवर दाते घासतात. ही चूक नवशिके करतात. उमरेडचा हातमाग सोडून नत्थूजी स्टिअरिंगवर बसले, त्याला अर्धं आयुष्य लोटलं होतं.

दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गाडी थांबली की ते बोनेटकडे बघत. बंद पडली? की चालू आहे? सवारीचं बोलणं ऐकू यायचं, ट्रकचा भोंगाही यायचा. पण सायकलची घंटी, पेट्रोल इंजिनची ती मऊ, एकसारखी घरघर, असे बारीक आवाज कधी निघून गेले ते कळलंच नव्हतं. हादरा आसनापर्यंत पोचत नाही, हा तर पेट्रोल इंजिनचा गुण. आता तोच नडत होता. मग ते उगाच ॲक्सिलेटर दाबत आणि गाडी जराशी उसळली की श्वास सोडत. स्टँडवर हे कळलं, तर त्यांच्या गाडीत कोण बसणार होतं?

दुपारी त्यांनी गाडी थेट देवरावच्या गॅरेजात नेली.

"डिझेल इंजिन बसवून दे."

देवरावने पाना खाली ठेवला. "तू? डिझेलले चक्की कोण म्हणे? चंपतरावची गाडी आली का, पीठ कधी भेटन म्हणून कोण विचारे?"

"आता मीच म्हणून राह्यलो ना!"

"इचार कर गा. पेट्रोलले ठिणगी लागली का पळते. डिझेलले ठिणगीच नाही. हवा दाबून दाबून तापवते, त्यात तेल फवारते, मंग भडकते. तेल कमी पिते, चढावर दमत नाही, हे खरं. पण उचल नाही, धूर हाये, अन् थरथर तं अशी, का दात वाजतीन."

"थरथरू दे," नत्थूजी पटकन म्हणाले.

दुरुस्त झालेली एक डिझेल गाडी दारात उभी होती. देवराव शेजारी बसला आणि नत्थूजींनी ती सेमिनरी हिल्सच्या चढावर घातली. आधी ती रेंगाळली, मग गिअर न बदलता संथपणे वर चढली. वर पोचून थांबली, तरी थरथर स्टिअरिंगमधून तळहातात, तिथून कोपरापर्यंत येत होती. चालू आहे. सकाळपासून पहिल्यांदाच नत्थूजी मागे टेकून बसले.

परत आल्यावर देवरावने त्यांची गाडी सुरू करून बोनेट उघडलं. "जुनं इंजिन इकाले लागन. काढायच्या आधी टॅपेट ऐकून सांग."

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दट्ट्यांची, टकटक ओळखायला गॅरेजात नेहमी नत्थूजींनाच बोलावत. कान लावून ते नेमका सिलिंडर सांगत. आज त्यांनी कान लावला नाही, तळहात ठेवला.

"बराबर हाये."

टकटक तर दारापर्यंत ऐकू येत होती.

देवरावने फडक्याला हात पुसले. मग जवळ येऊन जरा मोठ्याने म्हणाला, "इंजिन बसवतो. अन् दोन्ही बाजूले मोठे आरसे लावून देतो."

"आरसे काहून?"

"डिझेलच्या आवाजात मागचं कोणालेच ऐकू येत नाही."

नत्थूजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बघून त्यांनी विचारलं, "इंजिन अजून चालू हाये ना गा?"

"हाये. मस्त चालून राह्यलं."

नत्थूजींनी पुन्हा इंजिनवर हात ठेवला. देवराव किल्लीपाशी जाऊन उभा राहिला. नत्थूजींचा हात उचलला जाईपर्यंत त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं नाही.